अंगाला हात लावला नाही, तरी त्याला लैंगिक छळ म्हणता येईल का?

काटाघर (यवतमाळ जिल्हा)

मी एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, वजनकाट्यावर बसते. कापसाच्या गाडीचे भरले आणि रिकामे वजन घेऊन काटापट्टी देणे, एवढेच माझे काम आहे. कारखान्याचा सारा कारभार पाहणारे व्यवस्थापक दिवसातून चार-पाच वेळा येऊन काटाघराच्या दारातच असे उभे राहतात, की बाहेर जायचे झाल्यास मला अंग चोरून, तिरपे होऊन निघावे लागते. ‘काहून वो, आज कोणासाठी नटून आली?’ हे तर गाडीवाल्यांच्या देखत रोजचेच आहे. मोबाइलवरचे घाणेरडे व्हिडिओ ते ग्रेडरला (कापसाची प्रत ठरवणाऱ्याला) दाखवतात, पण फोन माझ्या टेबलासमोर धरतात. मागच्या महिन्यात म्हणाले, ‘रविवारी नागपूरला चल, पुढच्या हंगामाच्या यादीत तुझे नाव ठेवणे माझ्याच हातात आहे.’ मी नाही म्हटले. तेव्हापासून माझ्या पट्ट्यांतल्या चुका सर्वांसमोर मोठ्याने वाचल्या जातात आणि काट्यावरून उठवून कवडी (खराब कापूस) वेचायला बसवण्याची भाषा सुरू झाली आहे. त्यांनी मला कधी हात लावलेला नाही. घरचे म्हणतात, बोलण्याने अंगाला भोके पडत नाहीत. मीच राईचा पर्वत करते आहे का?

स्थानिक समितीवर काम केलेली

ताई, तुम्ही राईचा पर्वत करत नाही. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या 2013 च्या कायद्याने नको असलेला स्पर्श, शरीरसुखाची मागणी, लैंगिक अर्थाचे शेरे, अश्लील चित्रे किंवा व्हिडिओ दाखवणे आणि लैंगिक स्वरूपाचे इतर कोणतेही नकोसे बोलणे वा वागणे, मग ते नुसत्या हावभावातून का असेना, या सर्वांना लैंगिक छळच मानले आहे. स्पर्श हा त्यातला केवळ एक प्रकार झाला. प्रत्यक्ष स्पर्श झालाच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्येच एका निर्यातविषयक संस्थेतील प्रकरणात स्पष्ट केले होते. व्यवस्थापकांच्या असे दार अडवून उभे राहण्यालाही म्हणूनच लैंगिक छळ हेच नाव आहे.

सर्वांत गंभीर आहे ते नागपूरचे वाक्य. पुढच्या नोकरीची लालूच किंवा धमकी लैंगिक मागणीला जोडली, की ती कायद्यात वेगळी नोंदवलेली परिस्थिती ठरते. नकारानंतर कामात अडथळे आणणे आणि चारचौघांत अपमान करणे हेही तिथेच येते. त्यामुळे चुका वाचून दाखवणे ही निराळी तक्रार समजू नका, ती त्याच साखळीतली कडी म्हणून तारखेसह लिहा.

दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. परंतु ज्याच्या हाती कारभार आणि देखरेख आहे, त्यालाही कायदा मालकच समजतो, आणि मालकाविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तालुक्याचा समन्वय अधिकारी ती स्वीकारून सात दिवसांत पुढे पाठवतो. शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांची मुदत आहे. सबळ कारण असल्यास समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. हंगाम संपल्यावर पाहू, असे कृपया म्हणू नका.

गटप्रवर्तक (आशा कार्यकर्त्यांची पर्यवेक्षक), मेळघाट

मला माझ्याच बाबतीत हे ओळखायला एक वर्ष लागले. वरिष्ठ रात्री अकरा वाजता अहवाल मागवत आणि अहवाल पाठवला की ‘झोपली का?’ असा संदेश येई. मी हसण्याचे चिन्ह पाठवत असे, कारण मानधनाचे कागद त्यांच्या टेबलावरून जात. हसली म्हणजे हरकत नव्हती, असा अर्थ पुढे काढला गेला. नकोसे वाटूनही माणूस हसतो, विशेषतः पोट त्यावर अवलंबून असेल तेव्हा.

आणखी एक गोष्ट. नेमणुकीचा कागद नाही म्हणून मागे हटू नका. रोजंदारीवरची, कंत्राटी आणि मानधन न घेता राबणारी बाईही या कायद्यात कर्मचारीच आहे. मजुरांना ने-आण करणारी कारखान्याची गाडीसुद्धा कामाचे ठिकाण ठरते. ज्या भंवरीदेवींच्या प्रकरणातून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा 1997 चा विशाखा निर्णय आला, त्या राजस्थानच्या खेड्यात बालविवाह थांबवण्याचे काम करत होत्या. त्यांचे कामाचे ठिकाण म्हणजे गावच होते.

पर्यवेक्षक, वणी

आपले म्हणणे मान्य आहे, तरी एक शंका आहे. मी बायांना कामावरून रागावतो, कधी साडी छान आहे असेही म्हणतो. उद्या कोणी खोटी तक्रार केली तर?

स्थानिक समितीवर काम केलेली

कामातल्या चुकीवर कामापुरते रागावणे हा लैंगिक छळ नाही. साडीचे म्हणाल, तर तेच वाक्य तुम्ही मालकांच्या पत्नीला त्याच सुरात म्हणाल का, एवढे स्वतःला विचारा. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी ठरत नाही. तक्रार करणारीवर कारवाई करायची तर तिचा दुष्ट हेतू चौकशीतून सिद्ध व्हावा लागतो.

ताई, तक्रारीच्या सहा प्रती आणि साक्षीदारांची नावे-पत्ते जोडा. लिहिणे जड जात असेल तर लिहिण्यास साहाय्य करणे हे समितीचे कर्तव्य आहे. चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंतची रजा लेखी मागता येते. पोलिसांत जायचे असल्यास भारतीय न्याय संहितेचे लैंगिक छळाबद्दलचे कलम 75 आहे.

काटाघर

आपणा सर्वांची आभारी आहे. काटापट्टीवर तारीख आणि वेळ छापलेली असते, त्यामुळे कोणता प्रसंग कोणत्या गाडीच्या वेळी घडला ते मला दुय्यम प्रतींवरून जुळवता आले. नागपूरच्या गोष्टीला आज चौतीस दिवस झाले आहेत. ग्रेडर दादा बोलतील की नाही, हे सांगता येत नाही. साक्षीदार म्हणून त्यांचे नाव मात्र लिहिले आहे.