मदत हवी आहे: आजोबांच्या ट्रंकेतल्या नाटकाच्या वस्तूंची नोंद कशी करू?

नमस्कार मंडळी, आमचे आजोबा संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे, त्यांची ट्रंक आता माझ्याकडे आलीये आणि त्यात ७८ आरपीएमच्या रेकॉर्डी, स्पूल टेप (चकरीवर गुंडाळलेली जुनी ध्वनिफीत), कॅसेट, फोटो, निगेटिव्ह, हँडबिलं आणि मोडीतली काही पत्रं असं सगळं एकत्र आहे. मी आधी प्रकारानुसार वेगळं करायला बसले, पण मग लक्षात आलं की एका पाकिटात एकाच प्रयोगाचं हँडबिल, फोटो आणि पत्र त्यांनी मुद्दाम एकत्र ठेवलंय, ते मोडलं तर संदर्भच जाईल, म्हणून थांबले.

आता विचार असा की वस्तू मापाप्रमाणे वेगवेगळ्या खोक्यांत ठेवायच्या, रेकॉर्डी उभ्या, पण एक्सेलमध्ये सगळ्या वस्तूंना एकाच मालिकेतले चालू नंबर आणि शेजारी 'मूळ पाकीट' असा कॉलम. हे बरोबर आहे का? की रेकॉर्डींना, फोटोंना नंबरांची वेगळी मालिका हवी?

दुसरं, काही निगेटिव्हना व्हिनेगरसारखा वास येतोय, म्हणजे अॅसिटेट फिल्म खराब होतेय, ती मी लगेच बाजूला काढली. आधी तीच स्कॅन करावी ना? स्पूल वाजवायची तर हिंमतच होत नाहीये, तुटली तर आजोबांचा आवाज कायमचा जाईल.

आणि सॉफ्टवेअर कोणतं घेऊ? कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर पुस्तकांसाठी आहे, ओमेका (डिजिटल संग्रह वेबसाइटवर मांडायचं) आणि अॅटम (जुन्या कागदपत्रांच्या संग्रहांच्या नोंदींचं) बघितलंय, अॅटममध्ये पाकिटाखाली वस्तू अशी उतरंड ठेवता येते ते मला आवडलं. कोणी घरच्या संग्रहासाठी वापरलंय का? प्लीज सांगा.