मदत हवी आहे: जुन्या फेंडर डिलक्स रिव्हर्बमध्ये एकाच सॉकेटमधला व्हॉल्व्ह लाल होतो

नमस्कार.

माझ्या थोरल्या काकांचा फेंडर डिलक्स रिव्हर्ब हा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर सध्या इंदूरला माझ्याकडे आहे. काका व्यापारी जहाजावर नोकरीला होते. साठच्या दशकाच्या मध्यावर बनलेला, काळ्या पॅनेलचा हा अ‍ॅम्प त्यांनी परदेशात जुना विकत घेतला आणि पुढे इथल्या ऑर्केस्ट्रांत कितीतरी वर्षे वाजवला. आतली जोडणी फेंडरच्या एबी७६३ या आराखड्याची असून शेवटच्या टप्प्यात दोन ६व्ही६ व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या) आणि रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) म्हणून जीझेड३४ हा व्हॉल्व्ह आहे.

चालू केल्यावर पंधरा-वीस मिनिटे आवाज निर्दोष असतो, आणि तो आवाज ऐकला की हा अ‍ॅम्प वाचवलाच पाहिजे असे वाटते. त्यानंतर मात्र घरघर वाढत जाते, आवाज दबतो आणि एका ६व्ही६ची प्लेट (आतला धातूचा पत्रा) तापून लाल होऊ लागते. दोन्ही व्हॉल्व्हची अदलाबदल करून पाहिली, तरी लाली त्याच सॉकेटमध्ये राहिली. म्हणून दोष व्हॉल्व्हचा नसावा, असे मी धरून चाललो आहे.

अ‍ॅम्प अमेरिकन विजेसाठीचा असल्याने तो स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालवतो. आमच्याकडे रात्री वीज २४० व्होल्टपर्यंत चढते, तेव्हाही अ‍ॅम्पला १२० व्होल्टच मिळतात आणि हीटरवर (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेवर) ६.४ व्होल्ट दिसतात. तारेला तीन पिनांचा प्लग लावून अर्थिंग दिले आहे. आत हात घालण्यापूर्वी फिल्टर कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करून मीटरने खात्री करतो. सुरुवातीला दोन्ही ६व्ही६च्या ५ क्रमांकाच्या पिनेवर, म्हणजे व्हॉल्व्हमधला प्रवाह आवरणाऱ्या ग्रिडवर, उणे ३५ व्होल्ट असतात. वीस मिनिटांनी चांगल्या बाजूला तेवढेच राहतात, पण बिघडलेल्या बाजूला उणे २२ होतात. ग्रिडचा २२० किलोओहमचा रेझिस्टर मोजून ठीक निघाला. त्यावर १३ व्होल्टांचा फरक पडतो, म्हणजे कुठून तरी साधारण ६० मायक्रोअँपिअर गळती होते आहे.

माझा संशय ०.१ मायक्रोफॅरडच्या कपलिंग कपॅसिटरवर (आधीच्या टप्प्यातला आवाज ग्रिडकडे सोडून डीसी अडवणाऱ्या भागावर) आहे. जेल रोडवर ६३० व्होल्टचे फिल्म कपॅसिटर मिळतात. तिथल्या एका कारागिराने आतले सगळेच सुटे भाग बदलण्याचा सल्ला दिला, पण खात्री नसताना काकांच्या हातच्या वस्तूतले मूळ भाग काढण्याची माझी तयारी नाही. कपॅसिटरच दोषी आहे, हे आधी कसे ठरवावे?

प्रतिसाद:

आपली मोजमापे व्यवस्थित आहेत. मात्र त्या काळातले फेंडरचे निळे कपलिंग कपॅसिटर सहसा टिकाऊ असतात, त्यामुळे लगेच त्यांना दोष देऊ नका. ज्या काळ्या फायबरच्या पाटीवर सगळे भाग जोडलेले आहेत, ती दमट हवेत ओल धरते आणि मग शेजारच्या दोन जोडांमध्ये थोडा प्रवाह वाहू लागतो. पावसाळ्यानंतर तक्रार सुरू झाली असेल तर हा संशय अधिक बळावतो.

बिघडलेल्या सॉकेटमधला एकच व्हॉल्व्ह काढा. दोन्ही काढले तर आतला उच्च विद्युतदाब (व्होल्टेज) आणखी चढेल आणि जुन्या फिल्टर कपॅसिटरना तो सोसणार नाही. अ‍ॅम्प बंद व रिकामा करून कपलिंग कपॅसिटरचे ग्रिडकडचे टोक पाटीवरून सोडवा. ते कशालाही लागणार नाही असे ठेवून अ‍ॅम्प चालू करा आणि पाटीला हेअर ड्रायरने लांबून ऊब द्या. सुट्या टोकावर काही व्होल्ट टिकून राहिले तर कपॅसिटर गळतो आहे. तिथे शून्याच्या आसपास दिसले आणि तरीही ५ क्रमांकाच्या पिनेवरचा दाब उणे ३५ वरून घसरला, तर पाटी गळते आहे. तसे असेल तर मीटरची काळी पिन चॅसिसला लावून लाल पिन पाटीच्या मोकळ्या पृष्ठभागावर टेकवून पाहा.

मूळ प्रश्नकर्ता:

आपले मनापासून आभार. पाऊस थांबल्यावर पेटाऱ्यातून काढला तेव्हापासूनच ही तक्रार आहे, हे लिहायचे राहून गेले होते. सुट्या टोकावर काहीच दाब नाही, पण पाटीच्या मोकळ्या भागावर ९ व्होल्ट दिसतात. पाटी पूर्ण वाळवूनही फरक पडला नाही, तर तो ग्रिडचा जोड पाटीवरून उचलून हवेतल्या हवेत सोल्डर केला तर चालेल का?