रॉक बँडमधील कीबोर्डवादक : जॉन लॉर्ड यांच्या वाटचालीतून काय घेता येईल?

प्रश्न – पेटीवाला_धरमपेठ

नमस्कार. मी लहानपणापासून पेटी शिकलो असून सध्या नागपुरातील एका हौशी रॉक बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो. दोन गिटार आणि ड्रम सुरू झाले की माझे वादन कोणाच्याही कानी पडत नाही आणि बाकीच्यांच्या मते कीबोर्डचे काम मागची पोकळी भरण्यापुरतेच असते. डीप पर्पल या ब्रिटिश बँडमधील जॉन लॉर्ड यांचे वादन ऐकल्यापासून मात्र हे मत मला पटेनासे झाले आहे, कारण तेथे ऑर्गन गिटारच्या बरोबरीने उभा राहतो. त्यांनी ही जागा कशी मिळवली आणि केवळ या वाद्याच्या बळावर आयुष्यभराची कारकीर्द होऊ शकते का? घरचे दुसरा प्रश्न रोज विचारतात, म्हणून जाणकारांनी सविस्तर लिहावे.

उत्तर १ – सूरपट्टी

आपण पेटीवाले आहात ही अडचण नसून सोय आहे. पियानोची पट्टी जोराने दाबली की आवाज मोठा येतो; पेटीत आणि लॉर्ड वाजवत त्या हॅमंड या विजेवर चालणाऱ्या ऑर्गनमध्ये पट्टी कशीही दाबली तरी आवाजाची पातळी तीच राहते. पेटीत ती पातळी भाता ठरवतो, तर हॅमंडमध्ये पायाखालचे पेडल ठरवते. सूर धरून ठेवून त्यात श्वास भरण्याची सवय आपल्याला आधीच आहे, ती केवळ डाव्या हातातून उजव्या पायात न्यायची आहे. खरी उणीव दुसरीकडे आहे. आपला डावा हात वर्षानुवर्षे भात्यावर राहिल्यामुळे पट्ट्यांवर तो नवखा असतो आणि हॅमंडला तर एकावर एक अशा पट्ट्यांच्या दोन रांगा असतात.

आता आवाजाविषयी. हॅमंडचा आवाज सामान्यतः लेस्ली नावाच्या फिरत्या स्पीकरमधून ऐकवण्याची पद्धत होती. लॉर्ड यांनी आपला ऑर्गन गिटारवादक वापरतात त्या मार्शल अँप्लिफायरमधून वाजवला आणि त्यामुळे त्याला गिटारसारखा खरखरीत, फाटलेला आवाज आला. १९७० च्या ‘इन रॉक’ या अल्बमपासून हा आवाज स्पष्ट ऐकू येतो. ‘स्मोक ऑन द वॉटर’च्या प्रसिद्ध सुरावटीत गिटारनंतर ऑर्गनही तीच सुरावट वाजवतो, पण ते सांगितल्याशिवाय अनेकांच्या लक्षात येत नाही.

हा प्रयोग करताना एक पथ्य पाळावे. फाटलेल्या आवाजात षड्ज-पंचम किंवा षड्ज-मध्यम ही जोडी स्वच्छ आणि दणकट वाजते. त्यात गंधार मिसळून पूर्ण कॉर्ड धरला की सुरांच्या आपसातील मिश्रणातून नको ते सूर निर्माण होतात आणि सगळा गढूळ गोंगाट होतो. त्याचप्रमाणे खालचे सप्तक बास गिटारला सोडून द्यावे. पुष्कळ कीबोर्डवादक डाव्या हाताने बास आणि उजव्या हाताने व्हायोलिनसमूहाचा पॅच, म्हणजे कीबोर्डमधील तयार आवाज, वाजवत राहतात आणि मग साउंडवाला आपला आवाज कमी करतो अशी तक्रार करतात. माझ्या मते त्यात साउंडवाल्याचे काही चुकत नाही.

उत्तर २ – वर्धा_रोड

मी कारकिर्दीविषयी लिहितो. लॉर्ड यांचा जन्म १९४१ मध्ये लेस्टर येथे झाला. लहानपणी ते पियानो शिकले, पुढे अभिनयाचे शिक्षण घेण्यासाठी लंडनला गेले आणि तेथे आर्टवुड्स या बँडमध्ये वाजवू लागले. डीप पर्पल १९६८ मध्ये स्थापन झाला. त्यानंतर सुमारे दीड वर्षाने, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी स्वतः लिहिलेली ‘कन्चेर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा’ ही रचना बँड आणि रॉयल फिलहार्मॉनिक ऑर्केस्ट्रा यांनी एकत्र सादर केली. संचालन माल्कम अर्नोल्ड यांचे होते. तिची मूळ स्वरलिपी नंतर हरवली. मार्को द खूय या डच संगीतकाराने ध्वनिमुद्रण ऐकून आणि चित्रफीत पाहून ती पुन्हा लिहून काढली, तेव्हा १९९९ मध्ये त्याच सभागृहात तिचे पुन्हा सादरीकरण झाले.

आपल्या घरच्यांच्या प्रश्नाच्या दृष्टीने मला दुसरी बाब अधिक महत्त्वाची वाटते. १९७० ते १९७२ या काळातील अल्बमांवर गाण्यांचे कर्ते म्हणून बँडमधील पाचही जणांची नावे आहेत. सुरावट गिटारवर सुचलेली असो वा ऑर्गनवर, श्रेय आणि त्यापोटी मिळणारे मानधन सर्वांचे. पुढे १९७८ ते १९८४ या काळात लॉर्ड व्हाइटस्नेकमध्ये होते, परंतु तो बँड गायक डेव्हिड कव्हरडेल यांचा होता आणि तेथील रचनांवर लॉर्ड यांचे नाव फारसे आढळत नाही. वादकाला त्या रात्रीचे पैसे मिळतात. रचनाकाराला ती रचना जितकी वर्षे वाजेल तितकी वर्षे मिळत राहतात. म्हणून बँडने स्वतःचे पहिले गाणे करण्याआधीच श्रेयाची वाटणी कागदावर लिहून घ्यावी आणि गाणे प्रसिद्ध झाल्यावर, रचनाकारांचे मानधन गोळा करणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडे त्याची नोंद करावी. मैत्रीत असे लिहून घेणे अवघड वाटते, पण गाणे चालल्यावर ते त्याहून अवघड होते.

नंतर डीप पर्पलमध्ये परतलेल्या लॉर्ड यांनी २००२ मध्ये, सततच्या दौऱ्यांपेक्षा रचनेला वेळ द्यावा म्हणून, बँड सोडला. डरहम विद्यापीठाच्या १७५ व्या वर्षानिमित्त २००७ मध्ये सादर झालेला ‘डरहम कन्चेर्टो’ हे त्यानंतरचे काम. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

उत्तर ३ – रेशीमबाग_ऑर्केस्ट्रा

वरील दोघांचे म्हणणे योग्य असले तरी नागपुरात केवळ रॉक वाजवून घर चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. गणेशोत्सव, नवरात्र, लग्नसराई आणि सुरेश भट सभागृहात होणारे जुन्या गाण्यांचे कार्यक्रम यांवरच येथील कीबोर्डवादकांचे भागते. त्यात कमीपणा मानू नये. आयत्या वेळी गायकाची पट्टी बदलली तरी न अडखळता वाजवण्याची तयारी तेथेच होते.

पेटीवाला_धरमपेठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पेडलविषयी एक शंका आहे. माझ्या कीबोर्डला मागे केवळ सस्टेनची, म्हणजे सूर लांबवणाऱ्या पेडलची, जागा आहे. तेथे आवाजाचे पेडल चालेल का?

सूरपट्टी

चालणार नाही, कारण सस्टेनच्या जागेला केवळ चालू आणि बंद एवढेच कळते. कीबोर्डमधून बाहेर पडणाऱ्या वायरवर व्हॉल्यूम पेडल लावावे आणि ते ओव्हरड्राइव्हच्या, म्हणजे आवाज फाडणाऱ्या उपकरणाच्या, आधी ठेवावे. नंतर ठेवल्यास केवळ आवाज कमी-जास्त होईल. आधी ठेवल्यास पाय दाबला की आवाज फाटेल आणि सैल सोडला की स्वच्छ होईल. हॅमंडचे पेडलही अँप्लिफायरच्या आधीच येते. गिटारसाठीचे काही व्हॉल्यूम पेडल कीबोर्डला लावल्यावर पाय थोडा हलताच आवाज एकदम कमी होतो, त्यामुळे सीताबर्डीला घ्यायला जाताना आपला कीबोर्ड सोबत न्यावा आणि दुकानातच लावून पाहावे.