कोलकात्याच्या मोहन बागान फुटबॉल क्लबनं १९११ ला जिंकलेल्या आयएफए शील्ड स्पर्धेवर मराठीत काही पुस्तक आहे का?

कोथरूडकर: काल अप्पा बळवंत चौकात तीन दुकानं पालथी घातली, क्रिकेटची पुस्तकं ढिगानं, फुटबॉल म्हटलं की माणूस दहावीचं गाईड पुढे करतो 😄 कुणाला माहितीय का?

गोली_नं१: माझ्या तरी पाहण्यात नाही. पण गोष्ट कसली भारीये राव, २९ जुलैची फायनल, समोर ब्रिटिश फौजेची ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट, आपले दहा जण अनवाणी, आधी एक गोल खाल्ला आणि मग शिवदास भादुरी, अभिलाष घोष, २-१!!

शनिवारपेठी: बंगालीत याच मॅचवर 'एगारो' (म्हणजे अकरा) सिनेमा आलाय २०११ ला. आपल्याकडे कोल्हापुरात तालमींच्या फुटबॉल मॅचला एवढी गर्दी, पण कादंबरीत पैलवानच.

कोथरूडकर: दहा अनवाणी, मग अकरावा?

गोली_नं१: सुधीर चॅटर्जी. ते बूट घालून खेळले.