वीज आमच्या जिल्ह्यात तयार होते, तरी दर सर्वांना सारखाच का?

प्रश्न (शेतकरी, चंद्रपूर तालुका):
२९२० मेगावॅटचे चंद्रपूर महाऔष्णिक केंद्र आमच्या गावापासून जवळच आहे. कोळसा इथल्या खाणींतला, राख इथल्या कपाशीवर बसते. मात्र मे महिन्याचे बिल पुण्यात राहणाऱ्या माझ्या भावाच्याच दराने येते. असे का, आणि युनिटच्या दराशिवाय बिलात बाकीचे आकार कशाचे असतात, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

उत्तर (निवृत्त लेखा कर्मचारी, नागपूर):
भाऊ, दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो आणि महावितरणच्या संपूर्ण क्षेत्रात तो एकच असतो. २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण (मोठ्या वाहिन्यांतून वीज दूरवर नेणे) व वितरण यांच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. चंद्रपूर, कोराडी, तिरोडा, कोयना येथून आणि सौर व पवन प्रकल्पांतून घेतलेल्या विजेचा खरेदीखर्च महावितरणच्या एकाच हिशेबात येतो व त्यावरून राज्याचा दर निघतो. ज्या वीजनिर्मिती संचाचा इंधनखर्च कमी, त्याची वीज आधी घेतली जाते. त्यामुळे खाणीजवळच्या केंद्राने वाचवलेला वाहतूकखर्च सर्व राज्यात वाटला जातो, आपल्या वाट्याला वेगळा येत नाही.

बिलातील स्थिर आकार जोडणीचा असतो, वापर शून्य असला तरी तो लागतो. वीज आकार आणि वहन आकार (वीज तारांतून घरापर्यंत पोहोचवण्याचा) युनिटप्रमाणे, तर इंधन समायोजन आकार खरेदीखर्च वाढला की लागतो. या सर्वांवर घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क असते आणि ते राज्य सरकारकडे जाते. उन्हाळ्यात कूलर दिवसरात्र चालला की वापर १०० युनिटांच्या पुढे जातो; मात्र चढा दर फक्त त्यापुढच्या युनिटांना लागतो, सगळ्या युनिटांना नाही. अनेकांचा येथे गैरसमज होतो.

उत्तर (तिरोडा, जि. गोंदिया):
हिशेब पटला, न्याय पटला नाही. आमच्याकडे ३३०० मेगावॅटचे केंद्र आहे. एकच दर राज्याला सोयीचा असेल, परंतु राख आणि धूर यांची किंमत कोणत्याच आकारात धरलेली नाही, आणि ती केंद्राभोवतीची गावेच मोजतात. दर कमी करा असे मी म्हणत नाही. निदान या गावांना अखंड वीज मिळावी.

उत्तर (वरोरा):
साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे बिल २०२४ पासून माफ आहे, तेव्हा शेतीपुरता खरा प्रश्न दराचा नसून वेळेचा आहे. वाघ आणि रानडुकरांच्या भीतीत रात्रीच्या पाळीने ओलित करणे किती जिवावरचे आहे, हे या जिल्ह्यात वेगळे सांगायला नको. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत कृषी फीडर (शेतीपंपांना वीज देणारी वाहिनी) सौर प्रकल्पाला जोडून दिवसा वीज देण्याची तरतूद आहे. आपला फीडर त्यात आहे का, याची उपविभागीय कार्यालयात लेखी विचारणा करावी. घरासाठी ३ किलोवॅटच्या छतावरील सौर संचाला केंद्राचे ७८,००० रुपये अनुदान मिळते.