घरी सॉकेट नाही. फक्त बाहेरच्या चार्जिंगवर ईव्ही चालेल का? (पुणे)

पेठेतली_मृ
नमस्कार मंडळी. सदाशिव पेठेत भाड्याने राहतो. बिल्डिंग जुनी, पार्किंग म्हणजे बोळात भिंतीला चिकटून गाडी लावायची. मालकांनी स्पष्ट सांगितलंय, मीटरवरून वायर खाली सोडायची नाही. ओळखीत एक जुनी टियागो ईव्ही मिळतेय, २४ युनिटची बॅटरी. रोज हिंजवडी, येऊन-जाऊन चाळीसेक किलोमीटर. अधूनमधून सातारा, सासरी. सगळं चार्जिंग बाहेरच करायचं म्हटलं तर जमतं का? नवरा म्हणतो, निम्मा जन्म रांगेत जाईल. प्रत्यक्ष करणाऱ्यांनी सांगा, यूट्यूबवाल्यांचं ऐकून झालंय.

हिरवी_पाटी_पिवळी_अक्षरं
ताई, मी करतो. टॅक्सी पासिंगची गाडी आहे, घरी पॉइंट नाही, सगळं बाहेरच.

आधी हिशोब. एसी लावून ट्रॅफिकमध्ये युनिटला सात किलोमीटर धरा, म्हणजे रोजचे सहा युनिट. बॅटरी १० टक्क्यांवरून ८० पर्यंत नेली की सतरा युनिट भरतात. आठवड्यातून दोनदा गन, म्हणजे चार्जरचा प्लग, लावली की झालं. रोज रांगेत कोण उभं राहतंय?

दर बघताना जीएसटी विसरू नका. ॲपवर युनिटला वीस रुपये दिसतात, त्यावर १८ टक्के लागून २३ रुपये ६० पैसे होतात. सतरा युनिटचे चारशे रुपये, किलोमीटरला साडेतीनच्या आत. पेट्रोलशी तुलना तुम्हीच करा.

आता मुख्य मुद्दा. सगळे ६० किलोवॅटच्या चार्जरकडे पळतात. तुमच्या गाडीला त्याचा काय उपयोग? कंपनीच फास्ट चार्जरवर १० ते ८० टक्क्यांना तासभर सांगते. तासाला सतरा युनिट म्हणजे सरासरी सतरा-अठरा किलोवॅटच. गाडी तेवढंच ओढते, चार्जर कितीही मोठा असो. त्यामुळे ३० किलोवॅटचा जुना, कोपऱ्यातला, कुणी न विचारणारा चार्जर शोधा. तुमचं काम तिथेही तेवढ्याच वेळात होतं आणि मागे हॉर्न मारणारं कुणी नसतं. दोन गनवाल्या ६० च्या चार्जरवर शेजारी दुसरी गाडी लागली की बऱ्याच ठिकाणी पॉवर निम्मी वाटली जाते. मोठ्या बॅटरीवाले तेव्हा चिडतात. तुम्हाला काही फरक पडणार नाही.

वेळ सकाळची, साडेसहा-सात. रात्री दहानंतर जाऊ नका, तेव्हा आमची गर्दी असते.

कर्वेरोड_काका
रात्री दहानंतरच कशाला, दुपारीही हेच! टॅक्सीवाले गन लावून सीट मागे टाकून झोपतात, १०० टक्के होईस्तोवर उठत नाहीत. ८० च्या पुढे चार्जिंग मुंगीच्या पावलाने चालतं, आणि मागे आपण ताटकळत.

हिरवी_पाटी_पिवळी_अक्षरं
काका, झोपतो हे खरं. रात्रभर एअरपोर्ट केल्यावर तो तासच मिळतो. पण काचेवर टकटक करा, ८० झाले असतील तर काढतो. मी तरी काढतो. आणि ईव्हीच्या जागेत डिझेल गाडी लावून मिसळ खायला जाणारे असतात त्यांचं काय? त्यांच्या काचेवर टकटक करायला आत कुणी नसतं.

ताई, चार्जर 'बंद' दिसला म्हणून लगेच परत फिरू नका. पुष्कळदा तो बिघडलेला नसतो, कुणीतरी येता-जाता लाल इमर्जन्सी बटण दाबलेलं असतं. आधी जळका वास, पाणी, तुटलेली वायर असं काही नाही ना ते बघा. नसेल तर हेल्पलाइनला सांगून बटण बाणाच्या दिशेने फिरवा, टक्कन बाहेर येतं आणि स्क्रीन पुन्हा चालू होते.

दुसरं, 'कम्युनिकेशन एरर'. डीसीची, म्हणजे फास्ट चार्जरची, केबल जड असते, तिच्या वजनाने गन खाली लोंबते आणि पिना नीट बसत नाहीत. एका हाताने गन खालून उचलून धरा, दाबा, आणि गाडीने लॉक केल्याचा आवाज येईपर्यंत सोडू नका. निम्म्या एरर इथेच संपतात. मध्येच लाइट गेली आणि गन अडकली तर ओढाताण करू नका, किल्लीने गाडी अनलॉक करा, मग निघते.

चार्जिंग ॲपच्या वॉलेटमध्ये दोन-तीनशेच्या वर ठेवू नका. एका ॲपमध्ये माझे पैसे अडकलेत, अजून मेलामेली चालू आहे.

निवृत्त_वायरमन
मृ ताई, स्टेशनच्या नादाला लागण्याआधी ऑफिसात विचारा. साधा १५ अँपिअरचा सॉकेट मिळाला तरी तासाला तीन युनिटच्या आसपास जातात. तुमचा रोजचा खर्च सहा युनिटचा, म्हणजे दोन-अडीच तासांत विषय संपला. उरलेला दिवस दुसऱ्या कुणाला द्या. गाडी घेण्याआधी तिच्यात ३.३ किलोवॅटचा ऑनबोर्ड चार्जर (साध्या सॉकेटवरून भरताना लागणारा, गाडीतलाच) आहे की ७.२ चा, तेही बघून घ्या. टियागोत दोन्ही आलेत.

आणि मालकांना दाखवायला: केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय की घरच्या आहे त्याच वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते. अर्थात बोळातून वायर लोंबकळत सोडायला मीही नकोच म्हणेन. पाय अडकून कुणी पडलं तर कोण निस्तरणार?

पेठेतली_मृ
ऑफिसचं डोक्यातच आलं नव्हतं! उद्याच ॲडमिनला मेल टाकते. साताऱ्याचं काय? मध्ये कुठे थांबावं लागेल?

हिरवी_पाटी_पिवळी_अक्षरं
सातारा एकशेदहा किलोमीटर. पूर्ण भरून निघा, वेग ऐंशीच्या आत ठेवा, न थांबता पोचाल. खंबाटकी घाटात बॅटरीचे टक्के भराभर उतरताना दिसतील, घाबरू नका, उतारावर थोडे परत मिळतात.

सासरी गीझरचा पॉइंट असेल तर रात्रभर तिथेच लावा. फक्त आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंग नसेल तर गाडीच्या चार्जिंग केबलवरच्या डब्यावर लाल दिवा लागतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. मग रविवारी संध्याकाळी हायवेवर चार्जर शोधत बसाल, तेव्हा मात्र रांग असते. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. आणि पहाटे कुणी गीझर लावायला तुमची केबल काढणार नाही, एवढं सासूबाईंशी आधीच ठरवून ठेवा.