बूस्टर, लोकल, वारी, चवथ : तुमच्या घरात निर्णय कसे झाले?

ऑगस्ट २०२२, गणपती तोंडावर आलेत. यंदा गुढीपाडव्याला महाराष्ट्रातले कोविडचे निर्बंध उठले, मास्क ऐच्छिक झाला आणि तेव्हापासून काय करायचं, काय टाळायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं आहे. १५ जुलै ते ३० सप्टेंबर २०२२ या काळात १८ ते ५९ वयाच्या सगळ्यांना सरकारी केंद्रावर कोविड लसीचा तिसरा डोस, म्हणजे बूस्टर, फुकट आहे. दुसऱ्या डोसनंतरचं अंतरही नऊ महिन्यांवरून सहावर आलंय. तरी आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांचं "बघू नंतर" चाललंय.

लस चांगली की वाईट, यावर दीड वर्ष वाद झाले. मला ते नको आहे. तुमच्या घरात कोण कोण आहे, भीती कशाची होती, कशावाचून राहवत नव्हतं आणि शेवटी पारडं कशानं झुकलं, ते या धाग्यावर लिहा. औषधांबद्दल लिहिताना डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलं तेवढंच सांगा. दुसऱ्या कुणी ते स्वतःला लावून घेऊ नये. माझं मत आधीच सांगून टाकते. घरातल्या सगळ्यात नाजूक माणसापासून विचार सुरू करावा, असं मला मनापासून वाटतं. माझ्या घरी ते माझे बाबा आहेत. तुमच्याकडे वेगळं असेल, तर तेच ऐकायचंय.

डोंबिवली

सासूबाईंना सीओपीडी, म्हणजे फुप्फुसाचा जुनाट आजार आहे. औषधाची वाफ देणारा नेब्युलायझर त्यांच्या पलंगाशेजारीच असतो. मी रोज सीएसएमटीला जाते. नोकरी सोडता येत नाही आणि लोकलला पर्याय नाही, तेव्हा त्यातल्या त्यात काय बदलता येईल ते पाहिलं. फास्ट सोडली आणि डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो धरली. वेळ जास्त जातो, पण खिडकी मिळते. मे महिन्यात एसी लोकलचं तिकीट निम्म्यावर आलं तेव्हा ग्रुपमधल्या बऱ्याच जणी एसीत गेल्या. उकाड्यात मलाही मोह झाला. पण बंद दारं, बंद खिडक्या आणि तेवढीच माणसं, हे मनाला पटेना. साध्या डब्यात घाम येतो, पण वाराही लागतो.

दारामागे खिळ्यांना पाच कागदी पिशव्या टांगल्यात. त्यांच्यावर स्केचपेननं सोम, मंगळ, बुध असं लिहिलंय आणि प्रत्येकीत एक एन-९५. सोमवारचा मास्क पुढच्या सोमवारीच निघतो. एप्रिलमध्ये सगळ्यांचे मास्क उतरले तरी माझा राहिला. आता डब्यातल्या बायका त्याबद्दल विचारतही नाहीत.

खरी पंचाईत ऑफिसात होती. दुपारी आम्ही सगळे एका छोट्या एसी खोलीत डबे उघडायचो. लोकलमध्ये तोंडावर मास्क असतो, जेवताना तो निघतोच. नीट विचार केला तेव्हा लक्षात आलं, गर्दी लोकलमध्ये जास्त असली तरी धोका मला डब्याच्या वेळी जास्त आहे. म्हणून मी गच्चीच्या जिन्यावर जाऊन बसू लागले. पहिले काही दिवस एकटीच होते, मग एकेक जण येत गेला. आता तिथे सतरंजी असते.

तिसऱ्या डोसचं म्हणाल तर सासूबाईंचा आधी झाला. गेल्या वर्षी १५ ऑगस्टपासून दोन डोसवाल्यांना लोकल खुली होणार म्हणताना माझा दुसरा डोस जुलैतच झालेला होता, त्यामुळे यंदा एप्रिलअखेर नऊ महिने भरले आणि मी खासगीत घेतला. २२५ रुपये आणि वर सर्व्हिस चार्ज. आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "तुम्ही बूस्टर घेतलात म्हणून घरी संसर्ग न्यायच्याच नाहीत, असं समजू नका. आजार बळावू नये यासाठी तो आहे." म्हणून आमचा क्रम असा लागला : सासूबाईंचा डोस, मग माझा मास्क, मग माझा डोस.

नाशिक

वय २८, घरी आम्ही दोघंच. जानेवारीत ओमायक्रॉन, म्हणजे कोविडच, होऊन गेला. बरं झाल्यावर तिसऱ्या डोससाठी तीन महिने थांबायला सांगितलं होतं, पुढे आळस. जुलैत फुकट झाला तेव्हा दोघांनी जाऊन घेतला. शनिवारी घेतला, रविवारी अंग दुखलं, सोमवारी कामावर.

कोल्हापूर

मला संधिवात आहे, वय ६३. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, दर रविवारी रात्री घेते. ते प्रतिकारशक्तीला आवर घालतं म्हणून सांधे शांत राहतात. पण त्याच कारणानं लसीचा परिणामही कमी होऊ शकतो, असं माझ्या डॉक्टरांनी समजावलं. त्यांनी तिसऱ्या डोसनंतर दोन रविवार गोळी थांबवायला सांगितली.

ऐकायला सोपं वाटतं. दुसऱ्या आठवड्यात बोटं अशी आखडली की कणीक मळता येईना, चहाची कपबशी दोन्ही हातांनी उचलायची. सकाळी ब्लाउजचे हुक सुनेनं लावून दिले. आतापर्यंत ते काम मी कुणाला करू दिलं नव्हतं. एका बाजूला न दिसणारा विषाणू, दुसऱ्या बाजूला रोज दिसणारं दुखणं. मध्येच वाटलं, घ्यावी गोळी आणि मोकळं व्हावं. पण सांधे पुन्हा ताळ्यावर येतात हे मला वीस-बावीस वर्षांच्या दुखण्यानं शिकवलंय. दुसऱ्या लाटेत आमच्या गल्लीतून गेलेली माणसं परत आली नाहीत. मी थांबले. गोळी सुरू केल्यावर हात हळूहळू वळणावर आले.

मे महिन्यात भाचीचं लग्न झालं. अक्षता टाकल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि जेवणाच्या हॉलमध्ये न जाता घरी आले. "एवढं काय, जेवून जा की," असं चारचौघांत ऐकावं लागलं. वाईट वाटलं. भाचीनं मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः ताट आणून दिलं. लग्नाला जायचं होतंच, फक्त पंगतीत बसायचं नव्हतं. मधली वाट निघते, आणि ती नाही म्हणण्यापेक्षा अवघड असते, कारण सगळ्यांना समजावत बसावं लागतं.

सातारा जिल्हा

आमचे अण्णा ७४ वर्षांचे, मधुमेही. २०२० आणि २०२१ला पायी वारी झाली नाही, माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. त्या दोन्ही आषाढ्यांना अण्णा टीव्हीसमोर टाळ घेऊन बसले होते. यंदा २१ जूनला आळंदीहून पालखी निघणार म्हटल्यावर त्यांनी पडशी झाडायला काढली. मी नको म्हणालो. ते म्हणाले, "मला आता किती वाऱ्या उरल्यात ते तुझा डॉक्टर सांगेल का?"

रात्रभर विचार केला. कोविडनं ते जातील ही माझी भीती होती. न जाता घरात खंगतील, हे मी दोन वर्षं पाहत होतो. मग दिंडीप्रमुखांशी बोललो. बूस्टर मे महिन्यातच झाला होता. मुक्कामाला शाळेच्या खोलीत न झोपता बाहेर तंबूत, तोही कडेचा. उघड्या रस्त्यावर मास्क नाही, दाटीवाटीनं बसायची वेळ आली तर लावायचा. साखर तपासायचं यंत्र आणि ऑक्सिमीटर पडशीत. ऑक्सिजनचा आकडा ९४च्या खाली आला तर जिथे असतील तिथून मी घेऊन येणार, हे कबूल करून घेतलं. पंढरपुरात दर्शनबारीला उभं राहायचं नाही, हे मात्र ते मानेनात. शेवटी आईनं सोडवलं : "नामदेव पायरीशी माथा टेकवा, कळसाला हात जोडा, पांडुरंगाला पोचतं." तेवढं त्यांनी मानलं.

वाटेत एका रात्री पाऊस एवढा लागला की तंबूत पाणी शिरलं आणि सगळ्यांना मंगल कार्यालयात हलावं लागलं. माझा जीव टांगणीला. अण्णांनी सतरंजी दाराच्या तोंडाशी टाकली, पावसाचे शिंतोडे अंगावर घेत बसून राहिले. एकादशीला फोन आला तेव्हा आवाज बसला होता, पण तो अभंग म्हणून.

*(धागाकर्ती : मी वर नाजूक माणसापासून सुरुवात करा म्हटलं. अण्णांचं वाचून त्यात एक भर घालते. त्या माणसाला काय हवंय, हे आधी त्यालाच विचारायला हवं. बाबांशी आज रात्री बोलणार आहे.)*

पालघर जिल्हा, प्राथमिक आरोग्य केंद्र

मी परिचारिका. टेबलाच्या या बाजूचं लिहिते. कोविशिल्ड लसीच्या एका व्हायलमध्ये, म्हणजे कुपीत, दहा डोस असतात. एकदा उघडली की चार तासांत संपवायची, उरलं ते टाकून द्यावं लागतं. गेल्या वर्षी रांग गेटाबाहेर होती, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. आता सकाळी तीन माणसं येऊन बसतात आणि आमच्या आशाताई पाड्यावर फोन लावत फिरतात, "येताय का, माणसं कमी पडतायत." मजुरी बुडते म्हणून लोक येत नाहीत. भीतीपेक्षा ते कारण मोठं आहे. दिवसाचा रोज आणि दुसऱ्या दिवशी ताप आला तर तोही रोज, असा त्यांचा हिशोब असतो आणि तो खोटा नाही. म्हणून आम्ही बाजाराच्या दिवशी संध्याकाळी बसायला लागलो. त्या दिवशी माणसं गावात आलेलीच असतात. इंजेक्शननंतर अर्धा तास बसवून ठेवतो तेव्हा गप्पा होतात. त्या अर्ध्या तासात घरातल्या म्हाताऱ्यांची नावं कळतात आणि पुढच्या आठवड्यात आम्ही त्यांच्या दारात जातो.

रत्नागिरी

मी तिसरा डोस घेतलेला नाही. वय ३१, दोन डोस झालेत, जानेवारीत कोविडही होऊन गेला. काम बागेत, उघड्यावर. घरात वयस्कर कुणी नाही. दुसऱ्या डोसनंतर दोन दिवस तापानं पडून होतो. मला स्वतःला फारसा फायदा दिसत नाही. कुणी विचारलं तर हेच सांगतो, लपवत नाही.

*(धागाकर्ती : मोकळेपणानं लिहिलंत, आभार. तुमच्या वयाला, दोन डोस आणि संसर्ग झाल्यावर, गंभीर आजाराची शक्यता मुळातच कमी आहे, हे खरं. पण गणपतीला मुंबईकर घरी येणार असतील, त्यांच्यात कुणी साठीपुढचं असेल, तर त्या चार दिवसांपुरता विचार वेगळा करा एवढंच म्हणेन.)*

लेस्टर, इंग्लंड

मी केअर होममध्ये काम करते, त्यामुळे पहिला डोस लवकर मिळाला, अ‍ॅस्ट्राझेनेकाचा. मग मे २०२१ मध्ये इथे चाळिशीच्या आतल्यांना शक्यतो दुसऱ्या कंपनीची लस द्यायचं ठरलं, रक्ताच्या गुठळ्यांच्या दुर्मीळ त्रासामुळे. मी ३६ची. पहिला डोस त्रासाविना गेलेल्यांनी दुसरा डोसही त्याच लसीचा घ्यावा, अशी सूचना होती. आई सांगलीहून रोज फोन करून नको म्हणायची. तिचीही कोविशिल्ड, म्हणजे अ‍ॅस्ट्राझेनेकाचीच लस, हे तिला समजावता समजावता माझीच भीती कमी झाली. डिसेंबरचा बूस्टर मॉडर्नाचा मिळाला.

फोंडा, गोवा

आमची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, मूळ घरात असते. मुंबई, बेळगाव, वास्को, सगळीकडून माणसं येतात आणि वाड्यातली मोठी काकी पंच्याऐंशीच्या पुढे आहे. गेली दोन वर्षं चारच माणसांनी पूजा केली. यंदा सगळे येणार, काकीनंच फर्मान काढलंय. परवा व्हिडिओ कॉलवर बसून ठरवलं ते असं. निघायच्या दिवशी सकाळी प्रत्येकानं घरी अँटिजन टेस्ट करायची आणि फोटो टाकायचा. ज्याला खोकला, त्यानं टेस्ट निगेटिव्ह असली तरी यायचं नाही. त्याच्या घरी नेवऱ्या (करंज्या) पोचतील, ती जबाबदारी धाकट्या भावाची. माटोळी, म्हणजे गणपतीवरचं फळापानांचं छत, बांधायला पोरं. आरतीला काकी दारातल्या खुर्चीवर, आम्ही अंगणात. जेवण केळीच्या पानावर, दोन पाळ्यांत, पडवीत. ज्यांचे सहा महिने भरलेत त्यांनी पुढच्या आठवड्यात बूस्टर घेऊन टाकायचा. उशीर झालाय, कारण लसीचा परिणाम यायला दोनेक आठवडे लागतात, पण चवथीनंतर दिवाळीही आहेच.

एका गोष्टीवर अजून एकमत नाही. काकीला सगळ्यांना जवळ घेऊन तोंडावरून हात फिरवायचाय. मास्क लावून जवळ जायचं की फक्त पाया पडायचं, यावर बहिणी अडल्यात. कुणाकडे काही ठरलं असेल तर सांगा.